वीस मिनिटांचा उतार

आधी जुने चार पेच सोडवले.
मागच्या बाजूखालून निघाली बियरच्या डब्याची पट्टी,
आयतोरनं, माझ्या बापानं, कात्रीनं कापलेली.
तिच्यावर एक लाल अक्षर अजून अर्धं शिल्लक.
"एवढी उचल पुरायची मला," तो म्हणाला,
स्टुलावर बसून, हात मांडीखाली दाबून,
माझ्या कामात ते येऊ नयेत म्हणून.

मला नाही पुरली.
गेल्या शनिवारी, आयडाहोतल्या त्या घळीच्या अलीकडून
हजार यार्डांवरच्या पोलादी ताटासाठी
चकती फिरवत गेले, टिक् टिक् टिक्,
एकशेबत्तिसाव्या टिचकीला ती अडली
आणि गोळी ताटाखाली साडेचार फूट
सेजब्रशच्या मुळाशी धूळ उडवून गेली.

आता हा नवा पाया. वीस मिनिटांचा उतार.
घड्याळातली नव्हेत ही मिनिटं, अंशाची साठावी फोड.
मागची कड पुढचीपेक्षा उंच,
किती? मिलिमीटरलाही कमी. नखाएवढी.
दुर्बीण जराशी मान खाली घालणार
आणि तिनं समोर पाहिलं
की नळीला आपोआप हनुवटी वर करावी लागणार.
"म्हणजे डोळा एकीकडे, नळी दुसरीकडे," बाप म्हणाला.
"नळी कधीच डोळ्याकडे नव्हती, आईता."

स्पिरिटनं आटे पुसले. निळ्या गोंदाचा थेंब.
पेच आडवे-तिडवे आवळले,
एक इकडचा, एक तिकडचा,
पाना कट्ट वाजला की थांबायचं.
बुडबुडा मधोमध येईपर्यंत
नळकांडं कड्यांत केसाकेसानं वळवलं.
दुर्बिणीच्या अंगावर जुन्या कड्यांचे वळ होते;
त्यांच्यावर बोट फिरवलं, बोलले नाही.

शंभर यार्डांवर शून्य बांधलं. मग घळ.
अडतीस मिनिटं, एकशेबावन्न टिचक्या,
पुढे अठ्ठेचाळीस हाताशी.
श्वास अर्धा सोडून थांबले.
गोळी गेली.
चार अंक मोजायचे असतात,
तेवढ्यात पोलादाचा आवाज परत येतो.
चार झाले. पाच. सहा.
वाऱ्यात कुठेतरी मेंढीची घंटा.

बापानं तिपाईवरच्या दुर्बिणीतून
डोळा काढला नाही.
"डावीकडे दोन हात," तो म्हणाला,
"वारा तू वाचलाच नाहीस."
मी बोल्ट ओढला. पितळ दगडावर वाजलं.
मग बऱ्याच वेळानं,
तिकडेच पाहत:
"उंची मात्र बरोबर."