एकशे साठ अक्षरं

तामालेत हरमॅटनचा वारा सुटला
की शाईचा पॅड दुपारीच कोरडा पडतो.
बावीस वर्षं मी त्यावर पाणी शिंपडत आलो,
तारखा उठवत आलो,
आणि पानांचे कोपरे दुमडणाऱ्यांवर ओरडत.

मग नेन्दो आला. संगणकवाला, चोवीस वर्षांचा.
त्यानं काउंटरच्या खणात एक फोन ठेवला.
म्हणाला, आता शिक्का नको, पोरांना थेट मेसेज जाईल.
मजकूर तुम्ही लिहा, तियुम्बासर,
फक्त एकशे साठ अक्षरांत.

मी लिहिलं : आपणांस नम्रपणे कळविण्यात येते की
विद्यापीठ ग्रंथालय नियमावलीतील कलम नऊ अन्वये
आणि अक्षरं संपत आली.
पुस्तक अजून यायचंच होतं.

खोडत गेलो.
नम्रपणे गेलं. कलम गेलं.
दंडाचा आकडा घाला, नेन्दो म्हणाला.
जागा नाही, मी म्हणालो.
जागा होती.
उरलं ते इतकंच :
तुमच्याकडचं पुस्तक परत आणा. कुणीतरी वाट बघतंय.

वीज जायच्या चार मिनिटं आधी
ते तीन हजार जणांकडे गेलं.

आम्हाला वाटलेलं, बोलायचं आपण, ऐकायचं त्यांनी.
पण रात्रभर खण घुरघुरत राहिला
मांजर कोंडल्यासारखा.
सकाळी उघडला तर :
कोण वाट बघतंय सर, नाव सांगा.
पुस्तक सुहुयिनीकडे आहे, मी तिच्याशी बोलत नाही.
वाचनकक्षातला तिसरा पंखा कधी दुरुस्त करणार?
मी पास होऊन नऊ वर्षं झाली, तरी आणू का?

आणि एक फोन.
बाई दाग्बानीत बोलत होती, मागे बकऱ्या.
शेजारच्या पोरानं वाचून दाखवलं म्हणे.
तुमचं काय हरवलंय, तिनं विचारलं.

गुरुवारी ती सावेलुगूहून आली, तीनचाकीत बसून,
धुळीनं भुवया पांढऱ्या.
ओढणीत गुंडाळलेलं मृदाशास्त्र, भाग दुसरा.
कव्हरला शियाच्या लोण्याचा वास.

पोरीचं नाव वुनपिनी.
फीचे पैसे जमवायला कुमासीला गेलीय,
बाजारात डोक्यावरून ओझी वाहते.
जाताना बजावून गेली, पुस्तक उंदरांपासून जप.
अर्जावर नंबर आईचा होता,
तेव्हा घरात फोनच एक.

दंड किती?
तिनं पदराची गाठ सोडायला घेतली.
एकसष्ट दिवसांचा आकडा स्क्रीनवर ठळक.
नेन्दोनं तो बघितला, आईकडे बघितलं,
म्हणाला, सिस्टीम अडकलीय.
अडकली बिडकली काही नव्हती.
पहिल्यांदाच मला तो पोरगा आवडला.

निघताना तिनं साबणाच्या खोक्याचा तुकडा काढला.
त्यावर मुलीचा नवा नंबर.
हिलाही पाठवा काहीतरी.
आणा बिणा नको. घाबरेल.

त्या संध्याकाळी मी खूप वेळ बसलो.
लिहिलं :
मृदाशास्त्र, भाग दुसरा, तुझ्या नावानं राखून ठेवलंय.
अजून शंभर अक्षरं शिल्लक आहेत, नेन्दो म्हणाला.
राहू देत.

राखीव पुस्तकाची मुदत तीन दिवसांची.
दर तिसऱ्या दिवशी मी ती वाढवतो,
करड्या रंगाचं इवलंसं बटण दाबून.
ठप्प आवाज नाही, बोटाला शाई नाही.
कधी कधी वाटतं, दाबलंच गेलं नाही,
म्हणून पुन्हा बघतो.

मार्चात, मध्यरात्री, खण एकदा घुरघुरला.
सकाळी वाचलं :
सर, पान दोनशे बारा दुमडलेलं आहे.
तिथपर्यंत झालंय माझं.
सरळ करू नका.

फडताळातून काढून बघितलं.
दुमडलेलं होतं, चांगलं रुपयाएवढं.
फडक्यानं वरची धूळ झटकली
आणि कोपऱ्याला हात न लावता
मिटून ठेवलं.