समास

इंदोऱ्याच्या अभ्यासिकेत, सतरा नंबरच्या खुर्चीवर
मी पुस्तक पिवळं करत होते.
ओळ दिसली की फासायची,
जसं अर्थशास्त्राच्या घरी हळदीचं कार्य निघालंय.
मे महिना. कूलर वाळ्याचा वास आणि पाण्याचे थेंब
दोन्ही पानांवर फेकत होता.

टाकी भरायला आलेले डोमाजी काका
बादली टेकवून म्हणाले,
"एवढं रंगवलं, त्यात हाय तरी काय? सांग नं मले."
मी पान उलटू लागले.
"पुस्तकाले नाही विचारलं, पोरी. तुले विचारलं."

चलनवाढ, म्हटलं. म्हणजे… चलनवाढ.
त्यांची बादली रिकामी झाली,
माझं वाक्य काही भरलं नाही.

बर्डीच्या फूटपाथवर साठ रुपयांत घेतलेलं पुस्तक.
पहिल्या पानावर, अर्धवट खोडलेलं: सुकेशनी रंगारी.
तिनं एकही ओळ रंगवली नव्हती.
समासात तेवढे शिसपेन्सिलीचे बारीक प्रश्न:
मग संत्र्याचा भाव पडला तेव्हा असं का नाही झालं?
हे मागच्या धड्याशी जुळत नाही. की मलाच जुळत नाही?
आणि एकशे बाराव्या पानावर नुसतंच
आईला समजावून पाहिलं. जमलं.

इतके दिवस मला ती
पुस्तक खराब करणारी मुलगी वाटायची.

दुसऱ्या दिवशी मार्कर घरी विसरले, मुद्दाम.
दोन पानं वाचली, पुस्तक मिटलं,
लग्नपत्रिकेच्या पाठकोऱ्या बाजूवर
आठवेल तेवढं लिहून काढलं.
साडेतीन ओळी.
लाज वाटावी इतक्या कमी, पण माझ्या.
पुस्तक उघडून ताडून पाहिलं,
सुटलं होतं नेमकं तेच
जे काल सगळ्यात जास्त पिवळं होतं.

पुन्हा मिटलं. पुन्हा लिहिलं.
चार दिवसांनी, न बघता, आणखी एकदा.

रात्री दहाला काका कुलूप घेऊन उभे,
मी चपला शोधता शोधता म्हटलं,
"काका, गेल्या साली जेवढ्या पैशात
कूलरच्या तीन ताट्या आल्या,
तेवढ्यातच यंदा दोन आल्या नं? ते. ती चलनवाढ."

काका किल्ली फिरवता फिरवता थांबले.
"यवढंच व्हय? मंग दोन ताट्या आणल्या
म्हणून माहा पगार काहून नाही वाढला?"

उत्तर आलं नाही मला.
पायरीवरच बसले, पिशवीतून पेन्सिल काढली,
आणि तो प्रश्न लिहून ठेवला समासात,
सुकेशनीच्या अक्षराखाली,
तिच्यापेक्षा जरा ठळक.