नमुना सतरा

कारवारची बस पहाटे शिरते बेळगावात,
मागच्या सीटखाली ओलं पोतं.
कॅम्पातल्या मासळी बाजारात यल्लूबाई ते उपडं करते:
"तिसऱ्या म्हणा, खुबे म्हणा, आमची चिप्पी म्हणा,
रश्शात पडल्यावर सगळ्या एकच की ओ."
मी मोजून चाळीस घेते. खायला नाहीत म्हटल्यावर
दोन जास्तीच्या टाकते, कीव आल्यासारखी.

टिळकवाडीत, रेल्वे गेटाजवळ, आमची प्रयोगशाळा:
कॉलेजची जुनी स्टोअररूम.
शिंपल्यांच्या रूपावर जायचं नाही, हे पहिल्या वर्षीच शिकले.
चिखलात वाढली ती काळपट, फुगीर,
वाळूत वाढली ती चपटी, पट्ट्यापट्ट्यांची,
सख्ख्या असून ओळख देत नाहीत.
आणि दोन परक्या, एकाच खाडीत राहून राहून
एकमेकींचा चेहरा घेतात.
म्हणून तांदळाएवढा मांसाचा तुकडा,
रात्रभर छप्पन अंशांवर,
मग एका ठरलेल्या जनुकातली साडेसहाशे अक्षरं वाचायची.
ती आईकडूनच येतात, असं पुस्तक म्हणतं.

सतरा नंबरनं घोळ घातला.
पायाच्या मांसातून नाव आलं, ओळखीचं.
बीजपिंडातून आलं त्याला
कुठलंच नाव जुळेना.
होनगेकर सर म्हणाले, "हात धुतलीस काय?
पुन्हा कर."
तीनदा केलं. नवे हातमोजे, नवं पाणी, नवं ब्लेड.
तीनदा सतरानं तेच सांगितलं.
मग सरांनी चष्मा कपाळावर चढवला.
"काही जातींत मुलगे बापाचाही धागा राखतात," म्हणाले,
"खरं आतल्या खोलीत."

त्या संध्याकाळी मल्लू नोकरीचा फॉर्म भरत बसलेला.
मातृभाषा: बोटभर एक रेघ.
आई स्वयंपाकघरातून, "एनो अदु?"
बाबांनी पेपर न हलवता मराठीत उत्तर दिलं,
"काही नाही गं, त्याचं चाललंय."
तीस वर्षं ते असंच बोलतात,
आणि भाजीत मीठ कधी जास्त झालं नाही.

मल्लूनं टोपण चावलं.
"अक्का, तुझ्या वेळी तू काय लिहिलीस?"

दुपारीच वहीत सतराच्या पुढं
पेन्सिलीनं नाव लिहून आले होते,
समासात बारीक: दोन्ही निकाल सोबत जोडले आहेत.

आठवत नाही, म्हटलं.
हातांना अजून खाडीचा वास होता.