लागू

रबाळ्याला, एमआयडीसीत, औषधाच्या कारखान्यात
माझं टेबल पॅकिंगच्या काचेला लागून.
काम : खोक्यातल्या घडीच्या कागदावरचं मराठी.
मुंगीएवढी अक्षरं, जी कुणी वाचत नाही,
आणि चूक झाली की सगळे वाचतात.

एका मंगळवारी एका शब्दावर अडलो.
गोळी घेतली आणि हवं ते घडलं, तर त्या गोळीला काय म्हणायचं?
वर्तकसाहेब म्हणाले, परिणामकारक.
परिणाम तर वाईटही असतो साहेब,
याच कागदावर खाली दुष्परिणामांच्या अकरा ओळी आहेत.
प्रभावी? ते भाषणाला.
रामबाण लिहिलं तर खटला होईल.
गुणकारी त्यातल्या त्यात बरा.
कोशात पाहिलं : गुण म्हणजे दोरा, धनुष्याची दोरी.
त्या दोरीला धरून ताप कसा उतरला
ते कोश सांगत नव्हता.

सुगंधा मढवी सही घ्यायला आत आल्या,
तळवली गावच्या, सोळा वर्षं पट्ट्यापाशी उभ्या.
माझी खाडाखोड बघून म्हणाल्या,
"एवरा काय त्यान? लागू परला पायजे, बस."

लागू.
तो शब्द ऐरोलीला घरी घेऊन गेलो.
मुळात लग् : चिकटणं, भिडणं.
त्यातलंच लग्न.
त्यातलीच लागण, उसाचीही आणि रोगाचीही.
म्हणजे आजार आणि उतारा
एकाच घरात जेवायला बसतात.
भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, निकाल लागतो.
डोळा लागला की झोप येते,
नजर लागली की जाते.
यात कुठेही 'मी केलं' नाही.
काहीतरी येतं आणि माणसाला चिकटतं,
माणूस फक्त जागा.
फळाची हमी नाही या शब्दात,
स्पर्शाची आहे फार तर.

दुसऱ्या दिवशी हे सगळं मोठ्या हौसेनं
सुगंधाबाईंना सांगितलं.
त्या हातमोजे चढवत होत्या.
"हीच गोली आमचे यांना दिलेली. दोन वर्सा.
इथलीच. माजे हातची.
नाय लागू परली."
मग दुसरा मोजा चढवून झाल्यावर :
"सवय तेवरी लागली.
आता पन रातचे आठ वाजले का
हात पान्याचे तांब्याला जातो."

मी काहीतरी बोललो असेन. आठवत नाही.

कागदावर 'गुणकारी' छापलं.
मंजूर शब्दांच्या यादीत तोच होता.

दुपारी पट्टा सुरू झाला.
काचेपलीकडे सुगंधाबाई एकेक खोकं मिटत होत्या,
आणि सीलची पट्टी नीट लागावी म्हणून
प्रत्येकावर अंगठा
जरा जास्तच वेळ दाबून धरत होत्या.