हिरव्यावर बसलेला हात

पैठणात, साळीवाड्यामागच्या बोळात
कौतिकबाई रेशमाच्या लडी उकळत्या हंड्यात बुडवते.
कोपरापर्यंत निळी.

मी आधीच ठरवून आलेलो : कृष्णधवल.
वाफ, सुरकुत्या, पत्र्याच्या भोकातून उतरलेली तिरीप.
रंग असला की डोळा उगाच भटकतो,
असं मी शिकवतोही पोरांना, रविवारी, जालन्यात.

कॅमेऱ्याचा पडदा तिच्यापुढं धरला.
"ह्यात माझे हात कामून मळकट दिसायलेत?"

मग भिंतीवरचा फोटो काढून
तिनं पदरानं पुसला.
सासू. खुर्चीच्या कडेवर अवघडून बसलेली,
मांडीवर दोन्ही हात, मनगटापासून काळे.
"हिरव्यावर बसलेला हात होता यांचा.
तसा पोपटी पुन्हा कुणालाच जमला नाही.
आन् नातवंडं इचारतेत,
पणजी कोळसा इकायची का?"

रात्री घरी
रंगाची दांडी शून्यावर नेली,
परत आणली,
पुन्हा नेली.
शून्यावर चित्र फार देखणं होतं,
खोटं कशाला बोलू.

रंग आणला तेव्हा निळे हात आले
आणि त्यांच्यामागोमाग, कोपऱ्यातली
प्लास्टिकची भडक गुलाबी बादली,
जी मला तिथं उभं असताना
दिसलीच नव्हती.

कापता आली असती.
राहू दिली.
उद्याच्या लडी तिच्यातच भिजत होत्या,
अजून पांढऱ्या.