मीठ पडलं का?

चौतीस वर्षं मी नाशिकरोडला
नोटांच्या कारखान्यात होतो.
मोजायचं. मोजलेलं दुसऱ्यानं मोजायचं.
सुटताना फाटकाशी झडती.
कुणी कुणाच्या शब्दावर विसंबावं
अशी तिथं सोयच नव्हती.

निवृत्तीनंतरची पहिली चंपाषष्ठी.
गल्लीतल्या खंडेरायाचा भंडारा,
हौसाबाई सानपांनी हातात चिमटा दिला:
"साहेब, वांगी भाजा."

साठ किलो वांगी. देवळामागे खणलेला चर,
गोवऱ्यांचा विस्तव,
आणि मार्गशीर्षातले पहाटेचे चार,
कानटोपीतूनही कान दुखवणारे.
सवयीनं मी वांगी मोजायला लागलो.
गांगुर्ड्यांची सून हसली,
"काका, गठ्ठे बांधायचेत का?"

मग कळलं, देठाशी बोट दाबून बघायचं.
वरून काळं झालेलं सगळंच
आत शिजलेलं नसतं.
(हे मी घरी येऊन
आरशातल्या माणसालाही सांगितलं.)

सोलायला पाचजण गोल बसलो.
बोटं पोळली की पाण्यात, पुन्हा वांग्यात.
पलीकडे बाजरीचे रोडगे थापत होत्या
शैला आणि तिची जाऊ,
दोन दिवाळ्या एकमेकींशी न बोललेल्या.
"पीठ सरकव," एक म्हणाली.
दुसरीनं सरकवलं.
तेवढंच झालं. जास्त सांगत नाही.

पातेल्यात भरीत, वर कांद्याची पात,
ठेचा, तेलाची चरचरीत फोडणी.
नैवेद्याआधी चाखायचं नाही, जिभेलाच काय,
नाकालासुद्धा हौसाबाई दटावतात.
त्यांनी मान न वळवताच विचारलं,
"मीठ पडलं का?"

डबा माझ्या हातात होता.
मधेच कुणीतरी विस्तवाकडे बोलावलं होतं,
मी गेलो होतो, आलो होतो.
टाकलं होतं? की टाकायचं होतं?
"पडलं," मी म्हणालो.
आणि त्यांनी झाकण ठेवलं.

दुसरी मोजणी नाही. झडती नाही.
माझ्या एका शब्दावर
चारशे माणसांचं जेवण.

आरती झाली, भंडारा उधळला,
येळकोटानं पत्रे दणाणले.
जन्मात पहिल्यांदा मी देवापुढे
मनापासून डोळे मिटले,
आणि मागितलं काय,
तर मीठ.

पंगत बसली. सोमाचा धाकटा पोरगा
पत्रावळीच्या कडेला मीठ वाढत गेला,
सगळ्यात आधी, जसं वाढतात तसं.
मग रोडगा. मग भरीत.
मी पहिला घास घेतला.
अळणी. पार अळणी.

समोर हौसाबाई.
त्यांनीही घास घेतला, थांबल्या,
कडेच्या मिठाची चिमूट उचलून भरतात कालवली
आणि जेवू लागल्या.
तशीच त्यांच्या शेजारची. तसाच पलीकडचा.
ओळीनं चारशे हात
आपापल्या पानात माझी चूक कालवत गेले,
गप्पा न थांबवता.

भांडी घासताना मी कबूल केलं.
राख लावलेलं पातेलं माझ्याकडे ढकलत त्या म्हणाल्या,
"पानात मीठ आधी का वाढतात, साहेब?
एवढी वर्षं जेवताय ना?"

मला बराच वेळ काही सुचलं नाही.
माणूस चुकणार हे धरूनच
कुणीतरी, कधीतरी, पान मांडायला शिकवलं होतं.
याला श्रद्धा म्हणतात का, माहीत नाही.
कारखान्यात याला शब्द नव्हता.

परवा पुन्हा चंपाषष्ठी.
वांगी गिरणाऱ्याहून येतायत.
शैलाची जाऊ यंदा आधीच विचारून गेली,
शैला किती वाजता येणार म्हणून.
आणि मिठाचा डबा
हौसाबाईंनी माझ्याकडेच दिलाय.