खुंटीची उंची

एक तास. नळी सरळ उभी ठेवायची,
टेबलाला धक्का लागू द्यायचा नाही.
तांबडं हळूहळू खाली बसतं, वर पिवळसर पाणी उरतं.
किती मिलिमीटर मोकळे झाले ते वाचायचं आणि लिहायचं.
एकतीस वर्षं हेच करते आहे मी, देब्रेत्सेनमध्ये,
एक नंबरची ट्राम झाडीपाशी वळते
तिथल्या इस्पितळाच्या तळघरात.

एतेल्काचं अकरा आलं.
अकरा म्हणजे काही नाही, अकरा कुणाचंही येतं.
सीआरपी तीन. तोही गप्प.
कागदावर बाई ठणठणीत.

घराजवळच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं:
वय झालं, नवरा गेला, त्यात हा हिवाळा,
मॅग्नेशियम घ्या.
तिने सात महिने दुखणं अंगावर काढलं.
केस विंचरायला कोपर टेबलावर टेकवायची,
पायरी चढताना कठड्याला ओढून घ्यायची स्वतःला,
सामानाच्या पोत्यासारखं.

मी ओळखत होते तिला.
नाट्यगृहात कोट ठेवायच्या खिडकीत असायची.
माझा जाड कोट एका झटक्यात वरच्या खुंटीवर,
आणि पितळी बिल्ला टक्क करून लाकडावर.
मागच्या नोव्हेंबरात कोट खांद्यापर्यंत गेला
आणि तिथेच थांबला.
ती उभी राहिली, काहीतरी आठवत असल्यासारखी.
मग खुर्चीच्या पाठीवर टाकला.
पापण्यांवर जांभळट छटा होती.
मला वाटलं, साठीत रंगवायला लागली वाटतं डोळे.
हसलेसुद्धा मी, मनात.
इतक्या नळ्या वाचल्या आजवर,
आणि समोरचा चेहरा नाही वाचला.

मग कुणीतरी सीके लिहून पाठवलं.
यंत्राने आकडाच दिला नाही, मोजपट्टीच्या पलीकडे गेलं होतं.
दहापट पातळ करून पुन्हा लावलं:
सात हजार दोनशे.
स्नायूची भिंत फुटली की आतलं सगळं
रक्तात सांडतं, त्याचा हा हिशोब.
धूर दिसला की आग शोधायची, हे शिकवलं होतं आम्हाला.
हिची आग बिनधुराची होती.
माझी नळी खोटं बोलली नाही, हे मला ठाऊक आहे.
तिला विचारलं तेवढंच तिने सांगितलं.
तरी त्या रात्री ती अकरा मिलिमीटर जागा
डोळ्यांसमोरून हलेना.

पुढे प्रेडनिसोलोन. चेहरा चंद्रासारखा गोल,
झोप गेली, पहाटे तीनला उठून ती म्हणे कपाटं आवरायची.
दर पंधरवड्याला तिची नळी माझ्याकडे:
चार हजार, अठराशे, सहाशे,
मेमध्ये एकशे चाळीस.
डॉक्टर बोग्दान्यी स्वतः खाली आल्या कागद घेऊन,
मला मिठी मारली, जणू मीच काही केलं होतं.
त्याच दुपारी बाहेरच्या बाकावरून
एतेल्काला उठताना पाहिलं.
दोन्ही हात मांड्यांवर, एकदा, दोनदा,
तिसऱ्यांदा शेजारच्या पोराने हात दिला.
आकडा घरी पोचला होता,
हातपाय अजून वाटेतच होते.

सप्टेंबरात पुन्हा गेले नाटकाला.
सुतार बालिंतने खुंट्यांची नवी रांग ठोकली आहे, कमरेइतकी खाली.
कोटांच्या कडा फरशीवर लोळतात,
बायका कुरकुरतात, ती ऐकून घेते.
वरची रांग रिकामी.
माझा कोट घेतला. बिल्ला सत्तेचाळीस.
खालच्या खुंटीकडे वळली, मग थांबली,
आणि तो वर न्यायला लागली.
छाती. खांदा. कानाची पाळी.
हात थरथरत होता, मी श्वास धरून उभी,
टेबलाला धक्का लागू नये तशी.
नजरेनेच मोजत होते, किती राहिले मिलिमीटर.

"बघू नकोस गं," ती म्हणाली, पाठमोरीच.

घंटा झाली. मी आत गेले.
नाटक बेताचंच होतं.